गल्ल्यातली चोरी आणि आपलं प्रतिक्रमण



मागच्या आठवड्यात सिन्नरच्या एका मैत्रिणीचा फोन आला. आवाज रडवेला. दुकानातला माणूस बरेच महिने उधारीचे पैसे परस्पर घेत होता, ते उघडकीला आलं आणि आता घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, "जाऊ द्या, आपल्या कर्मात होतं, मागच्या जन्मीचं देणं फिटलं." दीर म्हणतात, "एक रात्र गोदामात बांधून ठेवला की सगळं ओकेल." ती मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडेही असं झालं होतं ना? तुम्ही काय केलंत? आणि धर्म काय सांगतो?"

फोनवर तिला तुटक-तुटक सांगितलं. नंतर वाटलं, हे लिहूनच काढावं. आपण बायका आयंबिलावर, पचक्खाणावर, पाठशाळेवर पुष्कळ बोलतो, पण दुकानातल्या चोरीचा विषय निघाला की तो पुरुषांचा म्हणून उठून स्वयंपाकघरात जातो. पण ज्याने गल्ल्यात हात घातला, तो रोज दुपारी आपल्याच ओट्यावर जेवत होता. त्याला वाढणाऱ्या आपणच. मग हा विषय आपला कसा नाही?

माझं मत आधीच सांगते. सासरेही चुकलेत आणि दीरही चुकलेत. चोरी थांबवणं, हिशोब मागणं, त्या माणसाला पैशापासून दूर करणं यात कुठलंही पाप नाही. पाप लागतं ते आपण हे कसं करतो त्यात. आमच्याकडे आम्ही निम्मं बरोबर केलं आणि निम्मं चुकलो. चूक कुठे झाली तेही सांगते.

आमचं घोटीत तांदळाचं दुकान आहे. घोटीकडची कुठलीही बाई सांगेल, दिवाळीच्या सुमारास नवा भात यायला लागला की गावाला श्वास घ्यायला सवड नसते. भात घ्यायचा, गिरणीतून भरडून आणायचा, इंद्रायणी वेगळा, कोलम वेगळा, मग हायवेवरच्या खानावळींना आणि गावातल्या गिऱ्हाइकांना पोचवायचा. शंभर किलो भाताचे पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ होतात. बाकी तूस, कोंडा, कणी. कधी दाणा फुटतो, कधी ओलावा जास्त असतो. त्यामुळे या धंद्यात "उतारा कमी पडला" हे वाक्य कुणालाही सहज खरं वाटतं. शंभर क्विंटलला दोन टक्क्यांचा फरक म्हणजे पन्नास किलोच्या चार गोण्या. एवढं त्या एका वाक्याच्या आड सहज लपतं.

२०२२ च्या दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की वहीतल्या गोण्या आणि गोदामातल्या गोण्या जुळत नाहीत. वहीत चाळीस, गोदामात चौतीस. ह्यांना सांगितलं. सगळ्यांचं लक्ष गेलं ते गोदाम झाडणाऱ्या मावशींकडे. टाकेदकडच्या एका वाडीवरून यायच्या. सांडलेला तांदूळ आणि कणी घरी न्यायची त्यांना आम्हीच मुभा दिलेली होती. एका संध्याकाळी निघताना सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उघडायला लावली. "उघडा" म्हणणारी मीच होते. पिशवीत डब्याचं फडकं होतं आणि दोन मुठी कणी. मावशी काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आणि आम्ही मनात म्हटलं, बघा, येत नाही म्हणजे तीच असणार.

मावशी गेल्यावरही गोण्या कमीच पडत राहिल्या.

फेब्रुवारीत हायवेवरच्या एका खानावळीचे मालक दुकानात आले. मी त्यांना उधारीची आठवण केली तर त्यांनी चकित होऊन मोबाईल पुढे केला. प्रत्येक महिन्याला पैसे भरलेले होते, पण आमच्या खात्यात नव्हे. आमच्या दुकानात नऊ वर्षं असलेल्या मुलाच्या नंबरवर. "शेठच्या स्कॅनरला नेट नाही, माझ्या नंबरवर टाका, मी जमा करतो," असं तो सांगायचा. चिठ्ठी न फाडता नेलेल्या गोण्यांचे पैसेही तिकडेच जात होते. सतराव्या वर्षी आमच्याकडे आलेला पोरगा. मला काकी म्हणायचा. गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे, उधारीची वही त्याच्याकडे. मावशींची पिशवी उघडली तेव्हा तो शेजारीच उभा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा ती पिशवीच डोळ्यांपुढे येत होती.

आता धर्म काय सांगतो ते. उपासकदशांग सूत्रात दहा श्रावकांच्या कथा आहेत, त्यांतली सातवी सद्दालपुत्राची. आपल्यापैकी अनेकींनी व्याख्यानात ती ऐकली असेल. सद्दालपुत्र पोलासपूरचा कुंभार. नगराबाहेर त्याची पाचशे दुकानं, हाताखाली पगारी माणसं. म्हणजे आपल्यासारखाच धंदेवाला, फक्त पुष्कळ मोठा. तो गोशालकाच्या आजीविक मताचा होता. जे घडतं ते नियतीने ठरलेलंच घडतं, माणसाच्या करण्याने काही होत नाही, हे ते मत. भगवान महावीरांनी त्याला विचारलं की, तुझी ही मडकी कुणी चोरून नेली, फोडली, तर तू काय करशील? तो म्हणाला, त्याला शिव्या देईन, बांधीन, मारीन, जिवानिशी संपवीन. भगवंतांनी त्याला तिथेच पकडलं. सगळं नियतीनेच ठरलेलं असेल तर चोराने चोरी केलीच नाही, मग तू मारणार कुणाला? आणि तू त्याला दोषी धरतोस, तर तुझी नियती खोटी. सद्दालपुत्राला ते पटलं आणि पुढे त्याने श्रावकाची बारा व्रतं घेतली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण ती आपल्या दुकानाची आहे हे त्या फेब्रुवारीत कळलं. सिन्नरच्या सासऱ्यांचं "कर्मात होतं, जाऊ द्या" हे ऐकायला फार धार्मिक वाटतं. पण नीट पाहिलं तर ते गोशालकाचं बोलणं आहे, महावीरांचं नव्हे. आपल्या कर्मसिद्धांतात पुरुषार्थाला जागा आहे. चोरी कुणीतरी केली आहे, ती त्याची करणी आहे. ती न पाहिल्यासारखं करून आपण त्याला आणखी पापबंधाची वाट मोकळी करून देतो. याला क्षमा म्हणत नाहीत, डोळेझाक म्हणतात.

आणि दिरांचं? सद्दालपुत्र जे जे करीन म्हणाला होता, बांधीन, मारीन, तेच व्रत घेतल्यावर त्याला वर्ज्य झालं. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. बांधणं, मारणं, अंग तोडणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. आपण हे गाईबैलांसाठी आहे असं समजून म्हणून टाकतो. पण जो जीव आपल्या आधाराने राहतो, त्या प्रत्येकासाठी ते आहे. गोदामात रात्रभर कोंडणं हा बंध. चार जणांनी मिळून हाणणं हा वध. झालेल्या दिवसांचा पगार दाबून ठेवणं, मला विचाराल तर, भक्तपानविच्छेदच.

सरकारचा कायदाही याहून वेगळं सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६ आहे, विश्वासाने सोपवलेल्याचा अपहार केला तर कलम ३१६ आहे, आणि दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच संहितेत कोंडून ठेवणं, मारहाण करणं, बदनामी करणं हेही गुन्हे आहेत. म्हणजे रात्री चोराला कोंडला की सकाळी गुन्हेगार आपणही. नुकसानीपोटी पगार कापायचा तरी त्या माणसाला आधी बाजू मांडू द्यावी लागते, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आला आहे.

आमच्याकडेही त्या दिवशी बाजारपेठेतले चार जण जमले होते. एकाने मोबाईल काढला, "व्हिडिओ करू, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकू." ह्यांनी तो खिशात ठेवायला लावला, त्याबद्दल मी ह्यांची आजही आभारी आहे. त्या मुलाला एक म्हातारी आई आहे, लग्नाची बहीण आहे. व्हिडिओ एकदा गेला की तो परत घेता येत नाही.

मग आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर.

आधी चार दिवस कुणाला काही बोललो नाही. उधारीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मुलाने फोन केला, "हिशोब जुळवतोय, किती भरले तेवढं सांगा." त्यांनी पाठवलेल्या नोंदी आणि आमची वही समोरासमोर ठेवून मी कागद तयार केला. बी.कॉम.चा इतका उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला. चौदा महिन्यांत जुळलेला आकडा निघाला ८६,४०० रुपये. जे जुळलं नाही ते धरलं नाही. मावशींच्या बाबतीत संशयावर बोललो होतो, ती चूक पुन्हा करायची नव्हती.

मग त्याला आणि त्याच्या वडिलांना दुकानात नव्हे, घरी बोलावलं. समाजातले एक ज्येष्ठ बसवले. कागद पुढे ठेवला आणि विचारलं. आधी नाही म्हणाला. खानावळीच्या मालकांची नोंद दाखवल्यावर मान खाली गेली. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळात कर्ज झालं होतं. वडिलांना तेव्हाच कळलं. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

त्याच दिवशी किल्ल्या आणि वही परत घेतली. त्या महिन्याचे बारा दिवस त्याने काम केलं होतं, त्याचा पगार त्याच्या हातात दिला. माझ्या मुलाला ते अजिबात आवडलं नाही. "तो आपले शहाऐंशी हजार घेऊन बसलाय आणि आपण त्याला पगार देतोय?" मी म्हटलं, ते त्याचं आपल्याकडे येणं, हे आपलं त्याच्याकडे येणं. दोन नोंदी वेगळ्या राहू देत. देण्याचा कागद वेगळा केला, महिना तीन हजार, वडिलांची सही. पोलिसांकडे गेलो नाही, पण हप्ता थांबला तर जाऊ, हे स्पष्ट सांगितलं.

प्रत्येक वेळी पोलिसांत जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. रक्कम मोठी असेल, खोट्या सह्या किंवा खोटी बिलं केली असतील, धमकी देत असेल, किंवा पैसा दुसऱ्याचा असेल, तर सरळ तक्रार द्यावी. तक्रार देणं म्हणजे वैर नव्हे.

सतरा महिने त्याने हप्ते दिले, ५१,००० रुपये आले. मग थांबले. तो नाशिकला कामाला लागला होता, वडील आजारी होते. राहिलेले ३५,४०० आम्ही ठरवून सोडले. हे आमचं आम्ही ठरवलं, तुमच्या घरी तुम्ही ठरवा. पण सोडायचे तर मोजून सोडावेत. किती गेले हेच माहीत नसताना "जाऊ द्या" म्हणणं आणि आकडा समोर ठेवून सोडणं, यात फार फरक आहे.

पुढे इगतपुरीच्या एका व्यापाऱ्यांनी फोन केला, तो तुमच्याकडे होता ना, कसा आहे? काय सांगायचं? खोटं बोललो तर त्यांचं नुकसान, सगळं सांगितलं तर पोराची भाकरी जाते. ह्यांनी सांगितलं, "कष्टाळू आहे, माल नीट हाताळतो. पैशाचं काम देऊ नका." विचारणाऱ्याला तेवढं खरं सांगणं आणि न विचारणाऱ्या गावाला सांगत सुटणं, यांत मला तरी मोठं अंतर वाटतं.

आता जे लिहायला जड जातं ते.

त्या दिवशी घरी बोलता बोलता तो मुलगा एकदा रडत म्हणाला, "काकी, तुमच्याकडं पण दोन वह्या आहेतच ना?" माझ्या मुलाने त्याला झापलं. पण मी काही बोलू शकले नाही. कारण होत्या. पक्की वही आणि कच्ची चिठ्ठी. इंद्रायणीत थोडा दुसरा तांदूळ मिसळून इंद्रायणीच्या भावाने देणं, तेही कधीतरी झालं होतं, आणि मिसळायला त्यालाच सांगितलं होतं. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणं आहे, तसं खोटं माप-तोल आहे, आणि एक दाखवून दुसरं देणंही आहे. नोकराने केलं ती चोरी आणि शेठने केला तो व्यवहार, असा भेद तिथे नाही. आमच्या दोन वह्यांनी त्याची चोरी माफ होत नाही. पण सतरा वर्षांचा पोरगा आमच्या गादीवर काय शिकला, हा हिशोब आम्हालाच द्यावा लागेल. त्या पाडव्यापासून कच्ची चिठ्ठी बंद केली. नफा थोडा कमी झाला. झोप बरी लागते.

दुसरी चूक व्यवस्थेची. माल देणारा, पैसे घेणारा आणि लिहिणारा, हे तीन हात वेगळे असावेत, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. आम्ही तिन्ही कामं एकाच हातात दिली आणि त्याला विश्वास म्हटलं. वर चार वर्षं त्याचा पगार वाढवला नव्हता. लहान दुकानात तीन माणसं कुठून आणणार, असं म्हणाल. पण घरात आपण आहोत ना! आता संध्याकाळी सामायिक झालं की अर्धा तास मी चिठ्ठ्या आणि बँकेचे मेसेज जुळवते. काउंटरवर बोलणारा स्कॅनर आहे, पैसे आले की सगळ्यांना ऐकू येतं. महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक उधारीवाल्याला बाकीचा आकडा घरून जातो. पंधरा दिवसांनी गोण्या आणि रिकामं बारदान मोजतो, कधी ते आधी कळवत नाही. नवीन मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे तुझ्यावर संशय म्हणून नाही. उद्या कमी पडलं तर तुझ्यावर आळ येऊ नये म्हणून आहे." त्याला ते आवडलं.

आळ म्हटलं की मावशी आठवतात. अठरा पापस्थानांत अभ्याख्यान वेगळं सांगितलंय, म्हणजे खोटा आळ घेणं. दुसऱ्या व्रतातही विचार न करता एकदम कुणावर दोष ठेवणं हा अतिचार आहे. आणि आळ नेहमी कुणावर येतो? किल्ल्या ज्याच्याकडे असतात त्याच्यावर नाही, झाडू जिच्या हातात असतो तिच्यावर.

२०२३ ची संवत्सरी झाली. मोबाईलवरून दीडशे जणांना मिच्छामि दुक्कडम् पाठवलं. त्यांतल्या बहुतेकांशी माझं वर्षभरात बोलणंही झालं नव्हतं, दुखावणार कशी? जिला दुखावलं होतं, तिचा नंबरही माझ्याकडे नव्हता. पारणं झाल्यावर दोन दिवसांनी ह्यांना म्हटलं, टाकेदला गाडी काढा.

मावशी अंगणातच होत्या. मी हात जोडले, झालं ते सांगितलं, चूक माझी होती म्हटलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आज आलात, बरं वाटलं. माझ्या मनात आता काही नाही." सुनेला म्हणाल्या, "चहा लवकर टाक गं, दिवस मावळल्यावर बाई पाणीही घेत नाहीत." इतक्या महिन्यांनंतरही आमचा नेम त्यांच्या लक्षात होता. निघताना मी विचारलं, "मावशी, परत कामाला येता का?" त्या म्हणाल्या, "नाही बाई. त्या गोदामात पाय ठेववणार नाही."

येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. मावशींनी आमच्याशी तेच केलं होतं, जे आम्ही त्या मुलाशी केलं. मनातून क्षमा केली, पण दार उघडं ठेवलं नाही. आणि त्यांचं बरोबर होतं. क्षमा आणि विश्वास ही दोन वेगळी खाती आहेत. क्षमा आपण देऊ शकतो, आजच देऊ शकतो. विश्वास मात्र समोरच्याला पुन्हा कमवावा लागतो, आणि कधी कधी तो कमवता येतही नाही.

सिन्नरच्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. सासऱ्यांना म्हण, आकडा काढू, मग सोडायचं की नाही ते ठरवू. दिरांना म्हण, हात लावायचा नाही. किल्ल्या आजच परत घ्या, पगार आजच द्या. आणि त्याच्या आधी तुमच्या घरात कुणाची पिशवी उघडायला लावली होती का, तेवढं आठवून बघ.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.